नळी, गुंगी आणि अफू

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास देत होते. पुढे ते काम व्हेंटिलेटरने घेतलं. पण घशात नळी सोसायची कशी?

हाताशी मॉर्फिन होतं. आपल्या गाझीपूरच्या सरकारी कारखान्यात अफूपासून काढतात, तेच. स्वस्त, भरवशाचं. मात्र मूत्रपिंडं थकली की त्याचे अंश अंगात साचतात. औषध बंद केलं तरी रुग्ण लवकर उठत नाही.

१९६० मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी फेंटानिल बनवलं. सुमारे शंभरपट तीव्र, झटपट. पण ते चरबीत मुरतं, म्हणून अनेक दिवस चालवलं की तेही रेंगाळतं. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रेमिफेंटानिल रक्त-स्नायूंतली एन्झाइम्सच मोडतात. काही मिनिटांत असर संपतो, आणि वेदनाही तितक्याच झटकन परततात!

मला मात्र या औषधांपेक्षा मोठं वळण वाटतं ते २००० सालचं. शिकागोत जॉन क्रेस आणि सहकाऱ्यांनी १२८ रुग्णांपैकी निम्म्यांची गुंगी रोज थांबवली. व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ७.३ दिवसांऐवजी ४.९ भरला. दोन्ही गटांत वेदनेसाठी होतं ते जुनं मॉर्फिनच.