सुकेळी आणि सनद
1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, पुढे इंग्रजी अंमल आला, तथापि राजेळी केळे केव्हा उतरवावे, सोलून त्यास किती उन्हे द्यावीत आणि सुकेळी वाळल्या पानात कशी बांधावीत, ही विद्या वसईजवळच्या नंदाखालचा बागाईतदार वाडीतच, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकत आला. सनदेवाचून तिला विद्यापीठाच्या दप्तरी जागा नव्हती. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, 1989 साली स्थापन झाल्यावर, शालान्त प्रमाणपत्र नसलेल्या प्रौढासही पूर्वतयारी अभ्यासक्रमाद्वारे पदवीची वाट मोकळी केली, हे मी थोर लोककार्य मानतो; परंतु तो प्रवेश होता, अनुभवाचे मूल्यमापन नव्हे. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवजन्य ज्ञानालाही, रीतसर परीक्षणानंतर, श्रेयांकांची तरतूद आहे. विद्यापीठांनी त्या परीक्षणासाठी परीक्षक आता वाडीत धाडावेत.