एक दलाल की पाच?

परवा नाशिकहून पुतण्याचा फोन आला. तिथलं जुनं घर विकायचं ठरलंय. "काकू, एकाच एजंटाकडे देऊ की चार-पाच जणांना सांगून ठेवू? तुम्ही सांगलीचं विकलंत ना!" मी म्हटलं, फोनवर सांगण्याइतकं सोपं नाही बाबा, लिहूनच पाठवते. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाची सुरुवात मी सनावळीपासून करते हे घरच्यांना ठाऊक आहेच. तेव्हा मंडळी, जरा धीर धरा!

'दलाल' हा शब्द आज आपण नाक मुरडून उच्चारतो. मूळ शब्द अरबी. त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणं. आपल्याकडे ते आडनावही आहे. मुंबईत १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोर वडाखाली शेअरांचे दलाल जमत. १८७५ साली त्यांनी आपली रीतसर संस्था काढली, तोच आजचा शेअरबाजार. त्या रस्त्याला दलाल स्ट्रीट हेच नाव पडलं आणि कुणाला त्याची लाज वाटली नाही.

लहानपणी वडिलांचं बोट धरून मी जनावरांच्या बाजारात जात असे. तिथला दलाल उपरण्याखाली आधी विकणाऱ्याचा हात धरी, मग घेणाऱ्याचा. बोटं दाबून भाव ठरे. तोंडातून अवाक्षर नाही! मला त्याची गंमत वाटायची. वडील म्हणत, भाव चारचौघांत फुटला की बैलाची किंमत गेली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घराला मात्र पूर्वी दलाल फारसा लागत नसे. वाडा विकायला काढला म्हणजे घराण्यावर काहीतरी संकट आलं, असंच गाव समजे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, पागडी बोकाळली आणि कुठली खोली रिकामी होतेय हे जाणणाऱ्या माणसाला भाव आला. मग १९६३ साली फ्लॅटच्या मालकीबद्दलचा कायदा झाला. हळूहळू आपल्यासारख्या पगारदार कुटुंबांतही घर ही घेण्या-विकण्याची वस्तू झाली, आणि पाटी लावून बसणारा 'इस्टेट एजंट' गावोगाव दिसू लागला.

त्याचं आणि आपलं नातं ठरवणारा कायदा मात्र जुना आहे, १८७२ चा करार कायदा. त्यातलं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल, तर काम पुरं झाल्याशिवाय मेहनताना मागता येत नाही. म्हणजे पाच दलालांना सांगितलं तर दलाली एकालाच, बाकीच्या चौघांची पायपीट फुकट. आपल्याला वाटतं पाच जण धावताहेत. पण मिळेल की नाही याची खात्री नसताना आपल्या घरासाठी कोण किती धावेल?

साहेबाच्या देशात यावर एक खटला गाजला. काही चित्रपटगृहं विकायची होती. विक्री पुरी झाली तर दलालाला १०,००० पौंड द्यायचे ठरलं होतं. त्याने गिऱ्हाईक आणलं, पण मालकांनी विक्री केलीच नाही. १९४१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की विक्री नाही तर दलालीही नाही. एका न्यायमूर्तींनी तर म्हटलं की आठ-नऊ दिवसांच्या कामाला लॉर्ड चॅन्सेलरच्या वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम ठरली होती, एवढ्या मोठ्या बक्षिसासाठी माणूस धोका पत्करणारच. तिकडच्या दलालांनी यातून काय शिकायचं ते शिकलं. आज तिथे घर एकाकडेच दिलं तर दलालीचा टक्का कमी असतो, अनेकांकडे दिलं तर जास्त. आणि 'एकमेव एजंट' म्हणजे नेमकं काय, हे गिऱ्हाइकाला लेखी समजावून सांगण्याचा नियम १९९१ पासून आहे.

आता माझी गोष्ट. सांगलीचं घर ह्यांनी १९८३ साली बांधलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. हे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. मुलाने मला पुण्याला आणलं आणि २०२१ च्या जानेवारीत घर विकायला काढलं. मी पाच जणांना सांगितलं. जितके जास्त तितकं बरं, असा माझा हिशेब!

पहिल्याने ६० लाख सांगितले, दुसऱ्याने ५५, तिसऱ्याने परस्पर ५०. एकच गिऱ्हाईक तिघांकडे फिरून आलं आणि मलाच विचारू लागलं, "बाई, खरा भाव कोणता?" फाटकावर तीन पाट्या लटकत होत्या. सहा महिन्यांत पेठेत बोललं जाऊ लागलं की एवढे एजंट लावूनही घर जात नाही, त्यात नक्की काहीतरी खोट आहे. उपरणं केव्हाच उडून गेलं होतं.

जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी पाणी उंबऱ्याला टेकून परतलं. मी पाहायला गेले, तर भिंतीवरची २०१९ ची रेघ नाहीशी! पाचांपैकी एकाने मला न विचारता त्या भिंतीला रंग काढून घेतला होता. सोलापूरकडच्या एका जोडप्याला त्याने 'इथे पाणी कधी येत नाही' असंही सांगितलं होतं. त्या बाईंचे दिवस भरत आले होते. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून विश्वास वाटला." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, दोघं निघून गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मुलीने कायदा वाचून दाखवला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. आणि करार कायद्याचं कलम २३८ म्हणतं, की दलालाने आपलं काम करताना केलेली लबाडी ही मालकानेच केल्यासारखी धरावी. मी पाच माणसं कामाला लावली नव्हती, पाच तोंडं भाड्याने घेतली होती. ती माझ्या नावाने काय बोलत होती ते मला ठाऊकही नव्हतं.

दिवाळीनंतर मी पाचही जणांना पत्राने 'तुमचं काम थांबलं' असं कळवलं, आणि एका नव्या माणसाला तीन महिन्यांसाठी घर दिलं. कागदावर चारच गोष्टी होत्या. भाव मी सांगेन तोच. दलाली दोन टक्के, खरेदीखताच्या दिवशी. नात्यातल्या कुणी घेतलं तर दलाली नाही. आणि पुराची रेघ प्रत्येकाला दाखवायची. शेवटचं वाचून तो हसला, "बाई, भाव पडेल." पडलाच. ४८ लाखांना घर गेलं. घेणाऱ्यांनी आधीच तळमजला मोकळा ठेवून वर राहायचं ठरवलं. आजही पावसाळ्यात मी त्यांना फोन करते आणि ते तो उचलतात.

पुतण्याला आणखी एक सांगायचंय. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली आणि २०२३ पासून आपल्या महाराष्ट्रात त्यांना परीक्षाही द्यावी लागते. पण ती नोंदणी रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी आहे. तुझ्या आजोबांच्या जुन्या घराला ते छत्र नाही. तिथे तुझा कागद हाच तुझा कायदा.

म्हणून माझं मत, एकच नेम. पण डोळे मिटून नको. मुदत घाल, अटी लिहून घे, आणि मुदतीत काम झालं नाही तर दुसरा बघ. माणूस निवडताना 'किती गिऱ्हाइकं आणशील' हे नंतर विचार. आधी विचार, 'आमच्या घराबद्दल लोकांना काय सांगशील?'

असो. कुणी पाच जणांना देऊन सुखी झालं असेल तर जरूर कळवा. मास्तरीणबाई अजून शिकायला तयार आहेत!