फितीत मावलेली आणि न मावलेली: ब्रिटिश दूरचित्रवाणी-नाट्यातील समलिंगी स्त्री

23 मे 1988 रोजी सायंकाळी बीबीसीच्या सहाच्या बातम्या सुरू असताना काही लेस्बियन कार्यकर्त्या थेट स्टुडिओत शिरल्या. स्थानिक शासनसंस्थांना समलिंगी संबंधांच्या 'प्रसारा'ची मनाई करणारे 28 वे कलम दुसऱ्या दिवसापासून ब्रिटनमध्ये अमलात येणार होते, त्याचा हा निषेध होता. निवेदिका स्यू लॉली बातम्या वाचत राहिल्या आणि सहनिवेदक निकोलस विचेल त्या स्त्रियांना आवरण्याच्या झटापटीत गुंतले. प्रेक्षकांना पडद्यावर दिसत होत्या त्या लॉली. निषेध करणाऱ्या स्त्रियांचा केवळ दबलेला आरडाओरडा चौकटीबाहेरून ऐकू येत होता.

समलिंगी स्त्रीच्या दूरचित्रवाणीवरील चित्रणाचा इतिहास बहुधा या चौकटीच्या रूपकातून सांगितला जातो: आधी ती बाहेर होती, मग हळूहळू आत आली, पुढे मध्यभागी आली. ही मांडणी सोयीची आहे, परंतु तीत एक प्रश्न सुटून जातो. चौकटीत आल्यानंतर ती तेथे किती काळ टिकली? छापील संहिता ग्रंथालयात पडून राहते, आपल्या वाचकाची वाट पाहते. प्रक्षेपित नाट्य मात्र त्या रात्रीपुरतेच असते. त्याला पुस्तकासारखे दुसरे आयुष्य मिळाले ते घरगुती चित्रफितीमुळे, म्हणजे आपल्या बोलीतल्या व्हिडिओ कॅसेटमुळे. आणि हे दुसरे आयुष्य सर्वांना सारखे मिळालेले नाही. ते कोणाला मिळाले, कोणाला नाही आणि त्यामुळे आपल्या हाती आलेला इतिहास कसा एका बाजूला कलला, एवढाच येथे विषय आहे.

फितीपूर्व काळाचे एक उदाहरण पुरेसे आहे. 25 फेब्रुवारी 1974 रोजी बीबीसी 2 वर 'सेकंड सिटी फर्स्ट्स' या नाट्यमालेत जेम्स रॉब्सन यांचे 'गर्ल' सादर झाले. सैन्यातील दोन स्त्रियांचे हे छोटे नाटक. ॲलिसन स्टेडमन आणि मायरा फ्रान्सिस यांनी त्यात भूमिका केल्या होत्या. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील दोन स्त्रियांचे पहिले चुंबन म्हणून त्याची नोंद होते. त्या काळी बीबीसीत ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची सर्रास पद्धत होती आणि कित्येक नाटके त्यात कायमची गेली. 'गर्ल' वाचले. परंतु वाचले म्हणजे वाचकांपर्यंत, येथे प्रेक्षकांपर्यंत, पोहोचले असे नव्हे. संग्रहातील फीत ही बासनात बांधलेल्या पोथीसारखी असते. तिचे अस्तित्व ठाऊक असते, पारायण होत नाही.

व्हीएचएस यंत्रे 1978 मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली. 1984 च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने विक्रीच्या बहुतेक फितींना चित्रपट परिनिरीक्षण मंडळाचे वर्गीकरण सक्तीचे केले. (हा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचेच राहून गेले होते, हे 2009 मध्ये उघडकीस आले आणि 2010 मध्ये तो नव्याने संमत करावा लागला. सुमारे पाव शतक एक पोकळ कायदा सारे निमूटपणे पाळत होते!) प्रक्षेपणाला मात्र हे मंडळ लागू नव्हते. तेव्हा एकाच नाट्यकृतीला आधी प्रक्षेपणसंस्थेच्या संकेतांतून आणि नंतर फितीच्या वर्गीकरणातून, अशा दोन निरनिराळ्या चाळण्यांतून जावे लागे. तिसरी चाळणी बाजाराची. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती आणि माझ्या मते तीच सर्वांत परिणामकारक ठरली.

ती कशी, हे 'ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट' या नाट्यावरून स्पष्ट होते. जेनेट विंटरसन यांची ही कादंबरी 1985 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या कादंबरीसाठीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला मिळाला. इंग्लंडच्या उत्तरेकडील औद्योगिक नगर, पेंटेकोस्टल पंथाची कडवी दत्तक आई, तिने धर्मप्रचारासाठी वाढवलेली मुलगी आणि त्या मुलीचे दुसऱ्या मुलीवर जडलेले प्रेम, असे कथासूत्र. प्रकरणांना बायबलच्या पहिल्या आठ ग्रंथांची नावे दिलेली आणि मूळ कथनात परीकथांचे, दंतकथांचे तुकडे विणलेले. जानेवारी 1990 मध्ये बीबीसी 2 वर तीन भागांत ती सादर झाली. पटकथा विंटरसन यांचीच, निर्मिती फिलिपा जाइल्स यांची, दिग्दर्शन बीबन किड्रन यांचे. नायिकेचे नाव जेनेटचे जेस झाले, दंतकथा वगळल्या गेल्या आणि कथन सरळ रेषेत आले. आईच्या भूमिकेत जेराल्डीन मॅकइवान आणि किशोरवयीन जेसच्या भूमिकेत शार्लट कोलमन होत्या. मॅकइवान यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा आणि नाट्याला सर्वोत्कृष्ट मालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

28 वे कलम अमलात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी दोन मुलींचे निःसंकोच प्रणयदृश्य असलेली कलाकृती राष्ट्रीय वाहिनीवर येते आणि तिचा गौरव होतो, याचे स्पष्टीकरण हिलरी हाइंड्स यांनी 1992 च्या आपल्या निबंधात केले आहे. रश्दी प्रकरणानंतर धार्मिक मूलतत्त्ववादाविषयी उदारमतवादी वर्तुळात निर्माण झालेली चीड समीक्षकांनी जेसच्या आईकडे आणि पाद्र्याकडे वळवली. शिवाय 'दर्जेदार नाट्य', 'साहित्यकृतीचे रूपांतर' हे शिक्के असल्यामुळे त्यातील शरीरसंबंध कलेच्या पदराखाली झाकता आला. जेसचे प्रेम हे वयात येण्याच्या सर्वसामान्य कहाणीतले एक प्रकरण म्हणून वाचले गेले आणि त्याचे लेस्बियन असणे गौण ठरले, असा हाइंड्स यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

हे विवेचन प्रामुख्याने वृत्तपत्रीय समीक्षेपुरते आहे. मला ते फितीपर्यंत न्यावेसे वाटते. सुमारे पाऊण-पाऊण तासाहून अधिक लांबीचे तीन भाग तीन तासांच्या प्रचलित कॅसेटमध्ये सहज मावतात. त्याला आरंभ, मध्य आणि अंत आहे. लेखिकेचे नाव आहे, पुरस्कार आहेत. विक्रेत्याने ती फीत कोणत्या फळीवर ठेवायची हे ठरलेले आहे. म्हणजे ज्या गुणांमुळे समीक्षकांना हे नाट्य स्वीकारार्ह वाटले, तेच गुण त्याला वस्तुरूपात विकण्याजोगेही करीत होते. फितीचा आकार आणि अभिजन अभिरुची यांची येथे गाठ पडली.

परंतु घरात गेलेली फीत समीक्षकांच्या वाचनाला बांधलेली राहत नाही. शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक शासनाकडे असल्याने त्यांच्यावर 28 व्या कलमाचे सावट होते. ते इंग्लंड-वेल्समध्ये 2003 मध्ये आणि स्कॉटलंडमध्ये त्याआधी 2000 मध्ये दूर झाले. दुकानातून विकत घेतलेल्या फितीला ते कलम लागू नव्हते. एखादी मुलगी आपल्या खोलीत, दाराला कडी लावून, तेच दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहू शकत होती. समीक्षकांनी गौण ठरवलेले प्रकरण तिच्यापुरते मुख्य होत होते. अशा पाहण्याची नोंद कोणत्याही परीक्षणात सापडणार नाही. ब्रिटनप्रमाणे भारतातही पाल पद्धती असल्याने तेथून कोणी आणलेली फीत आपल्याकडच्या यंत्रावर चाले, अमेरिकेतली चालत नसे. तेव्हा पाहणाऱ्यांचे हे अदृश्य वर्तुळ ब्रिटनपुरतेच असेल असेही नाही.

आता जी स्त्री फितीत मावली नाही तिच्याकडे वळू. चॅनल 4 ची 'ब्रुकसाइड' ही मालिका 2 नोव्हेंबर 1982 रोजी, वाहिनीच्या पहिल्याच दिवशी, सुरू झाली आणि नोव्हेंबर 2003 मध्ये संपली. फिल रेडमंड यांनी निर्माण केलेली, लिव्हरपूलमधील एका गल्लीची ही दैनंदिन कथा. 1993 मध्ये तीत जॉर्डाश कुटुंब आले. बाप मारझोड करणारा, मुलींवर अत्याचार करणारा; आई मँडी आणि मुलगी बेथ मिळून त्याला ठार करतात आणि घरामागच्या अंगणात पुरतात. जानेवारी 1994 मध्ये बेथ आपल्या मैत्रिणीचे, मार्गारेटचे, चुंबन घेते. ॲना फ्रिएल आणि निकोला स्टीफन्सन यांनी या भूमिका केल्या. रात्री नऊच्या आधी, घरात मुले जागी असताना, ब्रिटिश दूरचित्रवाणीवर असे दृश्य प्रथमच दिसत होते. पुढे प्रेत सापडते, मायलेकींना शिक्षा होते आणि 1995 मध्ये बेथ तुरुंगात हृदयविकाराने मरते.

बेथवर दोन आक्षेप सहज घेता येतात. बापाच्या अत्याचाराशेजारी तिचे प्रेम ठेवल्याने एकातून दुसरे निपजले असे सूचित होते. आणि शेवटी तिला मारून लेखकांनी जुनाच मार्ग धरला. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. पहिल्याबाबत मात्र मालिका या प्रकाराचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. संक्षेपात सांगितलेले कथानक कार्यकारणभाव आपोआप घट्ट करते. प्रत्यक्ष मालिकेत आठवड्यातून अनेकदा, दोन-अडीच वर्षे बेथ चहा करते, बहिणीशी भांडते, अभ्यास करते, नकार पचवते आणि पुन्हा प्रेमात पडते. तिचे लेस्बियन असणे या रोजच्या जगण्यात मुरत जाते, इतके की ते समजावून सांगण्याची गरज उरत नाही. जेसला हे शक्य नाही. तिच्या तीन भागांत प्रत्येक दृश्याला अर्थाचा भार वाहावा लागतो. साहित्यिक रूपांतराला जे साधत नाही ते या तथाकथित हलक्या प्रकाराला साधले, ते केवळ लांबीमुळे. आणि नेमकी तीच लांबी फितीच्या आड आली. सुमारे तीन हजार भागांची मालिका कोण कॅसेटवर काढणार, आणि कोण विकत घेणार?

आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चा प्रयोग विनय आपटे यांनी 1981 मध्ये उभा केला. तो आज आपल्या हाती नाही, छापील संहिता आहे, आणि तिच्या आधारे सुमित्राविषयी वाद घालता येतो. बेथला ही सोयही नव्हती. दूरचित्रवाणी-मालिकेची संहिता वाङ्मय म्हणून छापावी असे कोणाला वाटत नाही. विंटरसन यांची पटकथा मात्र पुस्तकरूपाने निघाली.

डीव्हीडीमुळे हे चित्र काहीसे पालटले. 1999 मध्ये आयटीव्हीवर सुरू झालेल्या 'बॅड गर्ल्स' या तुरुंग-मालिकेत जन्मठेप भोगणारी निकी वेड आणि अधिकारी हेलन स्ट्यूअर्ट यांची कथा पहिल्या तीन पर्वांच्या 39 भागांत चालते आणि 2001 मध्ये निकीच्या सुटकेने, दोघींच्या मीलनाने संपते. पर्वागणिक संच काढता येऊ लागल्याने एवढी लोकप्रिय आणि एवढी लांब कथाही संग्रहात ठेवणे शक्य झाले. तरीही प्रतिष्ठेची उतरंड फारशी हलली नाही. सारा वॉटर्स यांच्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिस यांनी लिहिलेले 'टिपिंग द व्हेल्वेट' 2002 मध्ये पुन्हा बीबीसी 2 वर, पुन्हा तीनच भागांत आले. ॲन लिस्टरच्या रोजनिशीवर आधारलेली सॅली वेनराइट यांची 'जेंटलमन जॅक' 2019 मध्ये आली. या दोन्ही कृती मला आवडतात. पण नायिका एक तर पुस्तकातून आलेली किंवा स्वतःच लिहिणारी असावी, हा योगायोग इतक्या वेळा घडावा याचे नवल वाटते. लिव्हरपूलच्या गल्लीतल्या मुलीला असा वंशवृक्ष नाही.

27 जुलै 2012 रोजी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात डॅनी बॉइल यांनी चित्रपट-मालिकांतील चुंबनांच्या तुकड्यांची जी माळ दाखवली, तीत बेथ आणि मार्गारेट क्षणभर दिसल्या. जगभरच्या पडद्यांवर, कित्येक देशांत प्रथमच, असे दृश्य गेले याचे कौतुक झाले ते रास्तच होते. त्या क्षणाच्या मागचा अंगणातला खड्डा, पुढचा खटला आणि मधले दीड-दोन वर्षांचे चहाचे कप यांपैकी काहीच त्या तुकड्यात नव्हते. 2023 पासून स्कॉटलंडच्या एसटीव्ही या संस्थेने 'ब्रुकसाइड'चे जुने भाग पहिल्यापासून क्रमाने आपल्या इंटरनेट-सेवेवर उपलब्ध करण्यास प्रारंभ केला. 1982 पासून सुरुवात केलेल्या प्रेक्षकाला बेथ भेटायला अकरा वर्षांचे भाग पाहावे लागतात.