श्रीक्षेत्र ओंकारेश्वर : मांधाता पर्वताची परिक्रमा

॥ ॐ नमः शिवाय ॥

इंदूरहून श्रीक्षेत्र ओंकारेश्वर सुमारे ८० कि. मी. अंतरावर आहे. येथून जाणारी पुष्कळ भाविक मंडळी पुलावरून नर्मदामाई ओलांडून ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतात, दक्षिण तीरावरील श्रीममलेश्वरास अभिषेक करतात आणि सायंकाळच्या आत घरी परततात. या दर्शनात काहीच उणे नाही. परंतु ज्या पर्वताच्या अंगावर हे मंदिर वसले आहे, तो पर्वतच येथे शिवस्वरूप मानलेला आहे, आणि त्यास प्रदक्षिणा घालून माथ्यावरून दोन्ही नद्यांचे दर्शन घेतल्याखेरीज या क्षेत्राची रचना ध्यानात येत नाही. ही परिक्रमा करू इच्छिणाऱ्या भाविकांसाठी मार्गाची, स्थानांची व घ्यावयाच्या काळजीची माहिती येथे देत आहोत.

क्षेत्राचे स्थान व आख्यायिका

मांधाता हे नर्मदेच्या पात्रातील बेट मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात आहे. बेटाच्या दक्षिणेकडून नर्मदा वाहते, तर उत्तरेकडील प्रवाहास कावेरी म्हणतात. दक्षिण भारतातील कावेरीशी हिचा संबंध नाही. ही नर्मदेची उपनदी होय. कावेरी नर्मदेस मिळाल्यावरही आपले पाणी वेगळे राखते, बेटापाशी पुन्हा निराळी होते आणि पश्चिम टोकाशी दुसऱ्यांदा संगम पावते, अशी लोकश्रद्धा आहे. दोन प्रवाहांनी वेढलेल्या या बेटाचा आकार ॐकारासारखा आहे, असे परंपरा सांगते.

इक्ष्वाकुकुलातील राजा मांधाता याने येथे तप केले म्हणून पर्वतास त्याचे नाव मिळाले. शिवपुराणातील कथेनुसार विंध्य पर्वताने येथे पार्थिव लिंगाची आराधना केली. श्रीशंकर प्रसन्न झाले व एकच लिंग दोन रूपांत राहिले; एक ओंकारेश्वर आणि दुसरे अमलेश्वर, म्हणजेच आजचे ममलेश्वर. म्हणून दोन्ही तीरांवरील दर्शन मिळून एका ज्योतिर्लिंगाचे दर्शन पूर्ण होते असे मानतात. ममलेश्वर मंदिराच्या भिंतीवर शिवमहिम्नस्तोत्र कोरलेले असून तो लेख इ. स. १०६३ मधील आहे. घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्राचा इतका जुना पाठ दगडावर पाहावयास मिळतो, तेव्हा तेथे थोडा वेळ अवश्य थांबावे.

मुख्य मंदिराजवळील गुहेत श्रीगोविंद भगवत्पादांनी बाल शंकराचार्यांस दीक्षा दिली, अशी परंपरा आहे.

दोन परिक्रमा, दोन नियम

मांधाता परिक्रमा व नर्मदा परिक्रमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. नर्मदा परिक्रमेत माईचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नसते. ओंकारेश्वराहून संकल्प सोडून निघालेला परिक्रमावासी परिक्रमा चालू असता पूल ओलांडून बेटावर येत नाही; पूर्ती झाल्यावरच तो ओंकारेश्वरास जल अर्पण करतो. ज्यांनी असा संकल्प केला आहे त्यांनी मांधाता परिक्रमा त्यापूर्वी किंवा पूर्तीनंतर करावी. इतर भाविकांस हा नियम लागू नाही.

दुसरी शंका नेहमी विचारली जाते ती अशी की, शंकरास अर्धी प्रदक्षिणा घालतात, मग येथे पूर्ण कशी? मंदिरात सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे तीर्थ वाहून जाण्याचा मार्ग, ओलांडू नये म्हणून अर्धी प्रदक्षिणा घालतात. येथे प्रदक्षिणा गाभाऱ्यास नसून संपूर्ण पर्वतास असते, आणि ती पूर्ण घालण्याचीच रीत आहे. पर्वत उजव्या हातास ठेवून चालावे.

परिक्रमेचा मार्ग

एकूण मार्ग सुमारे ७ कि. मी. असून सावकाश, दर्शन घेत चालल्यास तीन ते चार तास लागतात. मंदिरापासून पश्चिमेस नदीच्या कडेकडेने निघावे. हा पहिला टप्पा बराचसा सपाट आहे. पश्चिम टोकाशी नर्मदा व कावेरी यांचा संगम असून तेथे श्रीऋणमुक्तेश्वराचे स्थान आहे. देव, पितर व मनुष्य यांच्या ऋणातून मुक्ती मिळावी म्हणून भाविक येथे हरभऱ्याची डाळ अर्पण करतात.

संगमापासून वाट वळून वर चढू लागते. चढ पायऱ्यांचा आहे; घाई न करता बसत-उठत चढावे. वर श्रीगौरी सोमनाथाचे प्राचीन मंदिर आहे. गाभाऱ्यातील काळे, गुळगुळीत शिवलिंग इतके विशाल आहे की एकट्याच्या कवेत येत नाही. मामा-भाच्याने दोन बाजूंनी मिठी मारली तर त्यांचे हात एकमेकांस मिळतात, अशी समजूत असल्याने या मंदिरास मामा-भाच्याचे मंदिर असेही म्हणतात.

पुढे माथ्यावरून पूर्वेकडे जाताना जुन्या तटबंदीचे व द्वारांचे अवशेष लागतात. याच पर्वतावर श्रीमद् आद्य शंकराचार्यांची १०८ फूट उंचीची बालरूपातील मूर्ती उभारलेली असून तिचे अनावरण २१ सप्टेंबर २०२३ रोजी झाले. पूर्वेकडील भागात श्रीसिद्धनाथ मंदिर आहे. त्याच्या जोत्यावर निरनिराळ्या आविर्भावांतील हत्तींची शिल्पे कोरलेली आहेत. मंदिर भग्न झाले असले तरी परिक्रमेतील शिल्पकलेचे हे सर्वोत्तम स्थान होय. येथून उतरून पुन्हा वस्तीत व मुख्य मंदिरापाशी येता येते.

माथ्यावरून होणारे दर्शन

दक्षिण कडेवरून खाली नर्मदेचे पात्र, दोन्ही पूल, घाट आणि पलीकडे ममलेश्वराचे शिखर दिसते. दक्षिण तीरावरील वस्तीचे ब्रह्मपुरी व विष्णुपुरी हे दोन भाग असून बेटावरील वस्ती शिवपुरी होय. त्रिमूर्तींच्या या तीन पुऱ्यांची मांडणी खाली गल्ल्यांतून फिरताना उमगत नाही. माथ्यावरून एका दृष्टिक्षेपात उमगते. उत्तरेस खाली कावेरीचा प्रवाह आहे.

पश्चिमेस नर्मदा बडवाहकडे जाते. याच प्रवाहाच्या पुढील काठावर रावेरखेडी येथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीराव पेशव्यांनी देह ठेवला, आणि त्याहून खाली पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे महेश्वर आहे. ही स्थाने येथून दिसत नाहीत. पण आपले पूर्वज ज्या नदीच्या आधाराने माळव्यात व निमाडात वसले, ती नदी येथून दूरवर पाहता येते. ओंकारेश्वरी पार्थिव लिंगांचे नित्य अर्चन व्हावे अशी व्यवस्था अहिल्यादेवींनी लावून दिली होती.

पूर्वेस २००७ मध्ये पूर्ण झालेले ओंकारेश्वर धरण दिसते. त्याची वीजनिर्मिती क्षमता ५२० मेगावॅट आहे. धरण क्षेत्राच्या इतके जवळ आहे ही गोष्ट माथ्यावरून जशी लक्षात येते तशी घाटावर येत नाही, म्हणून पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा.

कडा आणि पाणी

पर्वताचा उत्तर उतार सौम्य असला तरी दक्षिण व पूर्व बाजूंस तो एकदम तुटलेला आहे. पूर्व टोकाच्या बीरखला नावाच्या खडकावरून पूर्वी काही भैरवभक्त देहत्याग करीत. ही प्रथा १८२४ मध्ये बंद करण्यात आली. नर्मदामाईस कोणाचा देह नको, भाव हवा, हे त्या खडकापाशी मनोमन स्मरावे. आता धोका आहे तो निष्काळजीपणाचा. छायाचित्रासाठी कड्याच्या टोकाशी जाऊ नये आणि मुलांचा हात सोडू नये.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ७ एप्रिल २००५ रोजी, भूतडी अमावास्येच्या यात्रेत, ओंकारेश्वराच्या वरच्या अंगास असलेल्या धाराजी येथे इंदिरा सागर धरणातून सोडलेले पाणी अचानक चढले आणि स्नान करणारे अनेक भाविक वाहून जाऊन प्राणास मुकले. आकाश निरभ्र होते. पावसाची काही खूण नव्हती. धरणाखालील नदीत पाणी केवळ पावसाने वाढत नाही, हा या दुर्घटनेचा धडा आहे. परिक्रमेचा शीण घालवण्यासाठी संगमावर किंवा मधल्या खडकांवर उतरून स्नान करण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्नान बांधलेल्या घाटावर, साखळीच्या आत करावे. भोंगा ऐकू येताच, सामान तसेच टाकून, तत्काळ वर यावे.

भाविकांसाठी सूचना

१. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ परिक्रमेस उत्तम. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी निघावे. अनवाणी चालण्याचा संकल्प असल्यास दगड तापण्याआधी परत यावे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.

२. उत्तर भारतीय पंचांगानुसार श्रावण आपल्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यामुळे आपल्या आषाढ वद्यातील सोमवारीही क्षेत्रात मोठी गर्दी असते, हे ध्यानात ठेवून बेत आखावा.

३. पिण्याचे पाणी व काठी जवळ असावी. माकडे फार असल्याने खाद्यपदार्थ व प्रसाद पिशवीत झाकून न्यावा.

४. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी चढाचा आग्रह धरू नये. पाण्याची स्थिती योग्य असल्यास नौकेने संगमापर्यंत जाऊन तेथूनच पर्वतास नमस्कार करावा. शक्तीबाहेरचे कष्ट म्हणजे भक्ती नव्हे.

५. प्राचीन शिल्पांना शेंदूर, तेल लावू नये. नावे कोरू नयेत. प्लॅस्टिकच्या बाटल्या व पिशव्या आपल्याबरोबर खाली आणाव्यात.

६. मुक्कामासाठी क्षेत्रात धर्मशाळा असून शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवासही आहे. आदल्या सायंकाळी पोहोचून पहाटे परिक्रमेस निघणे सर्वांत सोयीचे.

ज्या माथ्यावरून आपण माईचे दर्शन घेतो तो माथाही देवाचेच अंग आहे. गाभाऱ्यात आपण जसे वागतो, तसेच या वाटेवरही वागावे आणि सर्वांनी सुखरूप घरी परतावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ नर्मदे हर ॥