माहेरचा कायदा

जबलपूरच्या जुन्या मराठी घरांतले कागद माझ्याकडे भाषांतराला येतात. त्यांत वाटणीपत्रं आणि मृत्युपत्रंच जास्त. मजकूर मराठी, साक्षी हिंदीत, शिक्का इंग्रजी. पण भाषेच्या आधी दुसराच प्रश्न उभा राहतो : घर नर्मदाकाठी, माणसं मूळची दख्खनची, मग वारसा कुठल्या शास्त्रानं?

१७८१ साली गढा-मंडला सागरच्या मराठ्यांकडे आलं, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. राज्य गेलं, घरं राहिली. इंग्रजी न्यायालयांच्या नकाशात या मुलखावर बनारस शाखेचा अंमल होता. तिथे वडिलांची मिळकत मुलीकडे आली तरी ती हयातीपुरती. निकडीवाचून विकता येत नसे, आणि तिच्यामागे मिळकत तिच्या वारसांकडे नव्हे, बापाच्या वारसांकडे परत जाई. मुंबईकडे मात्र मुलगी पूर्ण मालक. विधवेचंही तसंच : महाराष्ट्रात नवऱ्यानं परवानगी दिलेली नसली तरी ती दत्तक घेऊ शके, बनारसमध्ये नाही.

गंमत अशी, की मुंबईला ज्या ‘व्यवहारमयूखा’चा आधार, तो लिहिला गेला बनारसमध्येच! सतराव्या शतकातले नीलकंठभट्ट तिथलेच. घराणं पैठणहून काशीला गेलेलं. आणि बनारस शाखेनं मानलेला मित्रमिश्रांचा ‘वीरमित्रोदय’ ओरछ्याच्या वीरसिंहदेवाच्या आश्रयानं झाला, म्हणजे आमच्या शेजारच्या बुंदेलखंडात. कोलब्रुकनं १८१० मध्ये ‘मिताक्षरे’तला वारसाचा भाग इंग्रजीत आणला, बोरोडेलनं १८२७ मध्ये ‘मयूख’. संस्कृत न येणारे न्यायाधीश या भाषांतरांवर निकाल देत. एखाद्या बाईचं घर भाषांतरकाराच्या एका शब्दावर टिकायचं किंवा जायचं. माझ्या धंद्याचं एवढं वजन मला सोसवत नाही.

निर्णायक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला : बळवंतराव विरुद्ध बाजीराव, १९२०. मध्य प्रांतात स्थायिक झालेलं महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंब, आणि वाद मुलीच्या हक्काचा. ठरलं ते असं : कुटुंब गाव सोडतं तेव्हा आपला कायदा बरोबर नेतं, तो सोडून दिला हे सिद्ध होईपर्यंत तोच लागू. शिवाय स्थलांतरानंतर मुंबईच्या न्यायालयांनी त्या कायद्याचा जो अर्थ लावला, तोही त्या घराला लागू. मुलगी पूर्ण मालक ठरली. पिढ्यान्‌पिढ्या हिंदी बोलणाऱ्या घरातल्या लेकीलाही आजोळ-माहेरच्या मुलखाचं हे देणं पुरलं असतं, फक्त कुणीतरी ते मागायला हवं होतं.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं शाखांचा हा भेद संपवला. १४ व्या कलमानं बायकांचे मर्यादित हक्क पूर्ण मालकीचे झाले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्मानं वाटेकरी होण्याची गोष्ट मात्र राहिली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हा हक्क दिला, पण त्या वर्षाआधी लग्न झालेल्यांना वगळून. या वेळी मात्र माहेरचा कायदा सीमेच्या अलीकडे आला नाही. मध्य प्रदेशातल्या लेकींना ९ सप्टेंबर २००५ ची वाट पाहावी लागली. त्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नव्हती.

मृत्युपत्राला आजही साधा कागद आणि दोन साक्षीदार पुरतात. स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. जुन्या कागदांत मुलीच्या नावापुढे बहुधा ‘चोळीबांगडीसाठी’ असं येतं. हिंदीत त्याला नेमका शब्द नाही. मी मराठीच ठेवते आणि खाली लिहिते : मालकी की नुसती सोय, हे कागदावरून कळत नाही.