खेकडीच्या डोळ्यातला पहारेकरी

तेरणा, मांजरा, सीना या नद्यांच्या काठी वाढलेल्या माणसाला खेकडा नवा नाही. आमच्या घरी खेकडा खात नसत. पण त्याच्याबद्दलची एक समजूत मीही लहानपणी ऐकली होती. खेकडीची पिलं म्हणे आईचं पोट फाडून बाहेर येतात आणि ती मरते. नाठाळ लेकरांना हा दाखला हमखास मिळे.

दख्खनच्या या खेकड्याची शास्त्रात नोंद झाली १८३६ मध्ये. कंपनी सरकारचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी इकडे पाहिलेल्या खेकड्याला वेस्टवुड यांनी लंडनमध्ये नाव दिलं, ‘क्युनिक्युलारिस’, म्हणजे बिळं करणारा. नाव मिळालं, पण त्याच्या पोटातलं गूढ तसंच राहिलं.

१९४३ मध्ये पानूझ या फ्रेंच संशोधकाने कोळंबीच्या डोळ्यांचे देठ काढून पाहिले, तेव्हा तिचे अंडाशय अवेळी वाढू लागले. म्हणजे डोळ्याच्या देठातल्या ग्रंथीचा स्राव अंडाशयाला थोपवून धरतो! खेकड्यातही हाच पहारेकरी आहे. उलट मेंदू आणि छातीतली चेतागाठ यांचे स्राव अंडाशयाला चालना देतात. हंगाम आला की पहिल्याचा जोर ओसरतो, दुसऱ्यांचा वाढतो आणि अंड्यांत बलक साठू लागतो.

आपल्याकडे उच्च शिक्षण उशिरा आलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झालं. आमच्या जिल्ह्यातली महाविद्यालयं त्यालाच जोडलेली. तिथल्या नागभूषणम आणि दिवाण या प्राणिशास्त्रज्ञांनी संशोधनासाठी दूरचा प्राणी शोधला नाही, ‘क्युनिक्युलारिस’च निवडला. त्याच्या प्रजननाच्या वर्षचक्राचा त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला पोरं काडीने डिवचत, तो खेकडा जगाच्या शास्त्रात गेला, तोही आपल्या माणसांच्या हातून. मला याचं मोल फार वाटतं.

आणि त्या समजुतीचं काय? गोड्या पाण्यातली खेकडी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पोटाखाली दुमडलेल्या झडपेत ती सांभाळते. त्यांतून थेट इवले खेकडेच निघतात आणि काही दिवस तिथेच आईला बिलगून राहतात. झडप उघडून पिलं सांडताना पाहिली, की पोट फाटलं असं वाटणारच. प्रत्यक्षात लेकरं आईला मारत नाहीत. आईच त्यांना अंगाखाली वागवते.

तिला खरं भय आपलं आहे. खेकडे धरताना झडपेखाली अंडी किंवा पिलं दिसली, तर मित्रहो, तिला परत पाण्यात सोडा. एका खेकडीबरोबर ओढ्याची पुढची पिढी वाचेल.