वाढ थांबली तेव्हा: जपानची सव्वाशे वर्षं

अर्थव्यवस्था दरवर्षी वाढलीच पाहिजे, थांबली की संपली, असं आपण रोज ऐकतो. इतिहास काय सांगतो? आज जपानचं उदाहरण पाहू.

१६०३ ते १८६८ या काळात तिथे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधीशांची राजवट होती. त्यांचं सत्ताकेंद्र एदो, म्हणजे आजचं टोकियो. पहिल्या शतकात सगळंच वाढलं: लागवडीची जमीन, माणसं, शहरं. किल्ले आणि घरं लाकडाची, त्यामुळे डोंगर उघडे पडले. १६५७ च्या आगीत एदोचा मोठा भाग जळाला आणि पुन्हा लाकूड लागलं. परदेशाशी व्यापार मोजकाच, त्यामुळे बाहेरून आणायची सोय नव्हती.

मग वाढ मंदावली. १७२१ च्या मोजणीत सामुराई वगळून सुमारे २ कोटी ६० लाख माणसं होती. १८४६ मध्ये सुमारे २ कोटी ६९ लाख. सव्वाशे वर्षांत आकडा जवळपास जागच्या जागी!

पण देश झोपला नव्हता. जंगलतोडीवर कडक बंधनं आली, पुढे झाडं लावून जंगल उभं करण्याचं शास्त्र तयार झालं. एदोतला मैला शेतकरी पैसे किंवा भाजीपाला देऊन विकत घेत आणि सोनखत म्हणून वापरत. गावोगावी शाळा निघाल्या, पुस्तकांचा धंदा बहरला, खेड्यांत रेशीम आणि सुती कापडाचे उद्योग वाढले. पसारा फारसा वाढला नाही, कसब मात्र वाढलं.

आता दुसरी बाजू. हे स्थैर्य फुकट मिळालं नव्हतं. काही भागांत नवजात मुलं मारली जात. त्याला शब्द होता ‘माबिकी’, म्हणजे रोपांची विरळणी. १७८० च्या दशकातल्या तेनमेई दुष्काळात लाखो माणसं गेली. शेतसारा शेतकऱ्यानं भरायचा, त्यावर सामुराई जगायचे. संयम सगळ्यांचा होता, उपास मात्र गरिबाचा.

आणि १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या खाडीच्या तोंडाशी आला. वाफेवर चालणाऱ्या जहाजांना जपानकडे उत्तर नव्हतं. १८५८ च्या तहांनी स्वतःची जकात ठरवण्याचा हक्कही गेला. दहा वर्षांत शोगुनशाही कोसळली आणि नव्या जपाननं रेल्वे, कारखाने, तोफा यांचा ध्यास घेतला.

सैनिक म्हणून मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सतत पसारा न वाढवताही समाज सुसंस्कृत आणि उद्यमी राहू शकतो. पण त्याला दोन अटी आहेत. आहे ते वाटून घेण्यात न्याय हवा, नाहीतर स्थैर्याची किंमत दुबळा मोजतो. आणि शेजारी पळत असताना आपण एकट्यानं थांबलो, तर वेशीचं रक्षण कसं करणार, याचं उत्तर आधी तयार हवं. एदोनं थांबायची कला साधली. या दोन अटी मात्र तिला पुऱ्या करता आल्या नाहीत.

वाढ हवी की नको, या वादात उतरण्याआधी आपणही हे दोन प्रश्न विचारावेत.